इंग्रजीतील पूर्वभूत आणि मराठीतील ‘होता’ : खर्ड्याच्या प्रसंगावरून एक विचार

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागात, भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यान कर्जत तालुका पसरलेला आहे. त्याच्या पूर्वेस लागूनच जामखेड तालुका असून इतिहासप्रसिद्ध खर्डा हे गाव त्या तालुक्यात मोडते. ११ मार्च १७९५ रोजी पेशव्यांच्या फौजेने निजाम अलीखानाचा जेथे पराभव केला तेच हे गाव. कर्जतकडील एखाद्या विद्यार्थ्याने खर्ड्याच्या सहलीविषयी मराठीत लिहिले तर त्याची पहिली दोन वाक्ये साधारणतः अशी असतील : ‘गेल्या वर्षी आम्ही खर्ड्याला गेलो होतो. तिथला किल्ला पाहिला होता.’ या मराठीत दोष काढण्याजोगे काही नाही. हीच वाक्ये तो इंग्रजीत लिहितो तेव्हा ती ‘लास्ट इयर वुई हॅड गॉन टु खर्डा, वुई हॅड सीन द फोर्ट’ अशी होतात, आणि परीक्षक दोन्ही ‘हॅड’ तांबड्या शाईने खोडतो. तेथे ‘वेंट’ आणि ‘सॉ’ एवढेच पुरे होते.

ही चूक केवळ कर्जतची नाही, किंबहुना ती केवळ मराठीभाषकांचीही नाही. हिंदीतील ‘गया था’ याच वाटेने इंग्रजीत उतरते. तथापि ती निष्काळजीपणाची चूक समजून सोडून देण्याची जी चाल आहे, ती योग्य नव्हे. निष्काळजीपणाची चूक कधी होते, कधी होत नाही. ही मात्र नियमाने होते, व जी चूक नियमाने होते तिच्यामागे दुसरा एखादा नियम उभा असतो. तो नियम मराठीचा आहे. आणि इंग्रजी ‘हॅड’शी त्याची जी सांगड घातली गेली तिला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

प्रथम इंग्रजीची व्यवस्था पाहावी. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगावयाच्या असतील तर इंग्रजीस साधा भूतकाळ पुरतो. निजाम घाट उतरला, लढाई झाली, रात्री त्याच्या सैन्यात घबराट माजली, तो खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, अखेर त्याने तह केला : या पाचही क्रिया इंग्रजीत साध्या भूतकाळातच येतील. कोणती आधीची व कोणती नंतरची हे वाक्यांचा क्रमच सांगतो. कथनकार मध्येच थांबून मागे वळून पाहतो तेव्हाच ‘हॅड’चे काम पडते. लढाईच्या वर्णनात तो महादजी शिंद्यांविषयी काही सांगू लागला, तर महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस वारल्यामुळे तेथे ‘हॅड डाइड’ असे म्हटले पाहिजे. कारण कथन १७९५ च्या मार्च महिन्यात उभे आहे आणि मृत्यू त्याच्या मागे आहे. त्यातही ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असा स्पष्ट शब्द आला की क्रम त्या शब्दानेच ठरतो व ‘हॅड’ वैकल्पिक होते.

हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली ही गोष्ट तीन बिंदूंच्या साहाय्याने मांडली. क्रिया घडली तो एक बिंदू, वक्ता बोलतो तो दुसरा, आणि वक्ता जेथे उभा राहून क्रियेकडे पाहतो तो तिसरा. साध्या भूतकाळात क्रियेचा बिंदू व पाहण्याचा बिंदू एकच असतात आणि दोन्ही बोलण्याच्या क्षणापूर्वीचे असतात. ‘हॅड’युक्त रूपात पाहण्याचा बिंदू भूतकाळात असतो आणि क्रिया त्याच्याही मागे असते. तात्पर्य, हे रूप भूतकाळाचाही भूतकाळ सांगते. म्हणून त्यास येथे ‘पूर्वभूत’ असे म्हटले आहे. मागे वळून पाहण्यासाठी दुसरा भूतकालीन बिंदूच नसेल तर पूर्वभूताला आधार राहत नाही. ‘लास्ट इयर वुई हॅड गॉन’ हे वाचून इंग्रज वाचक पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो : गेला होतात, आणि मग काय झाले?

मराठी ‘गेलो होतो’ ऐकून कोणीही असा थांबत नाही. येथील ‘होतो’ दुसऱ्या घटनेकडे बोट दाखवीत नाही, ते वर्तमानाकडे पाठ फिरविते. ‘तो पुण्यास गेला’ म्हणजे गेला, तेथे आहे की परतला याविषयी वाक्य मूक आहे. ‘तो पुण्यास गेला आहे’ म्हणजे अद्याप तेथेच आहे. ‘तो पुण्यास गेला होता’ म्हणजे गेला खरा, परंतु त्या जाण्याचा परिणाम आता उरलेला नाही. बहुधा तो परत आलेला आहे. घरी पाहुणा येऊन गेला असता ‘तुमच्याकडे कोण आले होते?’ असे शेजारी विचारतात. पाहुणा ओटीवर बसलेला असताना ‘कोण आले आहे?’ असे विचारतात. या दोन प्रश्नांतील भेद पूर्वापरतेचा नसून परिणाम शिल्लक असण्या-नसण्याचा आहे. इंग्रजी पूर्वभूत ‘तेव्हा’ आणि ‘त्याच्याही आधी’ यांत अंतर पाडते. मराठी ‘होता’ ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांत अंतर पाडतो.

अडचण अशी की या दोन व्यवस्था काही ठिकाणी एकमेकींवर येऊन पडतात. ‘आम्ही स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी गेली होती’ या वाक्यात मराठीस ‘होती’ हवे आणि इंग्रजीसही ‘हॅड’ हवे. अशी चारदोन वाक्ये जुळली की दोन रूपे सर्वत्र समानार्थी आहेत असा समज होतो. सर्वस्वी भिन्न असलेल्या गोष्टी शिकणाऱ्यास फसवीत नाहीत; अर्ध्या सारख्या असलेल्या फसवितात.

हा समज व्याकरणाच्या पुस्तकांनी दृढ केला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मराठी मुलांस मराठीतून व्याकरण शिकविण्याचा तो पाया होय, व दादोबांस ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी लोकांनी दिली ती अस्थानी नव्हती. परंतु त्या पिढीतील व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर झाली, आणि त्या काळच्या शाळांतून इंग्रजी व्याकरण म्हणजे लिंडले मरे यांचे व्याकरण अशी स्थिती होती. मरे यांचा ग्रंथ १७९५ साली, म्हणजे खर्ड्याच्याच वर्षी, यॉर्क येथे निघाला हा एक योगायोग. मरे यांनी इंग्रजी क्रियापदाचे सहा काळ मानले व त्यांची नावे लॅटिनच्या परंपरेतून घेतली. ज्यास आज साधा भूतकाळ म्हणतात त्यास मरे ‘इम्परफेक्ट’ म्हणजे अपूर्ण म्हणत. ‘किल्ला पडला’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदात अपूर्ण असे काहीच नाही. लॅटिनच्या कोष्टकात एक घर रिकामे होते म्हणून ते नाव तेथे गेले. इंग्रजीस लॅटिनचा अंगरखा घालण्यात आला होता, तोच थोडा आखडून पुढे मराठीस घालण्यात आला.

पुढे मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने (१९११) मराठी रूपांचा स्वतंत्र व बारकाईने विचार केला. परंतु शाळेत जे उरले ते साधा, अपूर्ण, पूर्ण व रीति असे भूतकाळाचे चार भेद, आणि त्यांच्यासमोर मांडलेली इंग्रजी नावे. ‘पूर्ण भूत’ आणि ‘पास्ट परफेक्ट’ ही नावे अर्थाने इतकी जुळतात की रूपांचे अर्थही जुळत असले पाहिजेत याविषयी कोणास शंका येऊ नये. तर्खडकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी इंग्रजी शिकून घेतले. त्या पद्धतीचे गुण मोठे होते. शिक्षक नसलेल्या गावातही तिने इंग्रजी पोहोचविले. पण एका भाषेतील वाक्यासमोर दुसऱ्या भाषेतील वाक्य ठेवून शिकण्याच्या कोणत्याही पद्धतीत रूपासमोर रूप येते, आणि रूपामागची दृष्टी मागे राहते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत पुढे गेला, २००० साली महाराष्ट्रात तो पहिल्या इयत्तेवर आला. आरंभाची इयत्ता बदलली तरी कोष्टकातील दोन नावे समोरासमोर उभीच आहेत.

मग मराठी पूर्वापरता सांगते तरी कशाने? येथे खरा पाणिनी उपयोगी पडतो. संस्कृतातील भूतकाळाची तीन रूपे त्याने वेगळी केली ती क्रिया आजची की आजच्यापूर्वीची, आणि वक्त्याने पाहिलेली की न पाहिलेली, या कसोट्यांवर. एका भूतक्रियेच्या आधीची दुसरी भूतक्रिया, अशी कसोटी त्या तीन रूपांत कोठेच नाही. ते काम त्याने अन्यत्र, क्त्वा प्रत्ययाकडे सोपविले : दोन क्रियांचा कर्ता एक असता त्यांतील आधीच्या क्रियेस हा प्रत्यय लागतो. संस्कृतातील ती तीन रूपे प्राकृतांच्या ओघात लोपत गेली. मराठीचा ‘-ला’ हा भूतकाळ मूळच्या भूतकालवाचक धातुसाधितापासून आलेला आहे. परंतु क्त्वाचे काम करणारे रूप मात्र टिकले. महाराष्ट्री प्राकृतातील ‘-ऊण’ आणि मराठीतील ‘-ऊन’ यांचे नाते अभ्यासकांस परिचित आहे. ‘निजाम घाट उतरून, खर्ड्यास येऊन, किल्ल्यात शिरला’ या वाक्यात शेवटची एकच क्रिया काळ धारण करते. आधीच्या दोन केवळ क्रम धारण करतात.

कर्ता बदलला की ‘-ऊन’ चालत नाही. तेथे ‘-ल्यावर’ येते : ‘निजाम घाट उतरल्यावर मराठ्यांनी हल्ला केला.’ आधीची क्रिया नामाचे विशेषण होत असेल तर ‘-लेला’ येते : ‘निंबाळकरांनी बांधलेल्या किल्ल्यात तो शिरला.’ यांखेरीज ‘पूर्वी’, ‘आधी’, ‘मग’, ‘इतक्यात’ हे शब्द आहेतच. बखरकारांचे सारे कथन या साधनांवर उभे आहे व त्यात क्रमाचा घोटाळा होत नाही. म्हणजे इंग्रजीत जे काम एकट्या ‘हॅड’कडे आहे ते मराठीत अनेक जणांनी वाटून घेतलेले आहे, आणि ‘होता’ त्या वाटणीत असलाच तर अगदी कडेला आहे.

यावरून मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजीतील दुसरीही एक लकब उलगडते. ‘-ऊन’ हे त्याचे पूर्वापरतेचे मुख्य साधन असल्याने तो त्यासाठी इंग्रजीत ‘हॅव्हिंग’ घेतो, आणि ‘हॅव्हिंग डिसेंडेड, हॅव्हिंग कम’ अशी साखळी तयार होते. इंग्रजीत एखादी अशी कडी शोभते, तीन कड्या जड होतात. गमतीची गोष्ट अशी की जेथे मराठीस पूर्वापरता खरोखर अभिप्रेत आहे तेथे हा विद्यार्थी ‘हॅड’ वापरीत नाही, आणि जेथे ती अभिप्रेत नाही तेथे वापरतो. दोन्ही ठिकाणी तो आपल्या भाषेशी पूर्ण प्रामाणिक असतो.

मराठीच्या ‘-ला’ रूपास भूतकाळ हे नाव तरी कितपत शोभते, असाही प्रश्न आहे. कोणी हाक मारली असता उंबऱ्याच्या आतून ‘आलो, आलो’ असे उत्तर येते, तेव्हा येणारा अद्याप निघालेलाही नसतो. ‘पाऊस आला तर पेरू’ हे कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात दर वर्षी ऐकू येणारे वाक्य. त्यातील ‘आला’ सर्वस्वी भविष्यातला आहे. ‘-ला’ क्रियेची सिद्धता सांगतो, ती कोणत्या काळी सिद्ध झाली हे संदर्भावर सोडतो. अशा रूपापुढे ‘होता’ जोडला म्हणजे ती सिद्धता गतकाळात बंदिस्त होते, आणि काळाचा खरा भार ‘होता’वर येतो. म्हणूनच मराठी माणसास निव्वळ ‘गेलो’ काहीसे उघडे, अपुरे वाटते व ‘गेलो होतो’ने विधान पुरते झाले असे वाटते. हीच अपुरेपणाची जाणीव तो इंग्रजीत घेऊन जातो आणि ‘वेंट’पाशी समाधान न पावता ‘हॅड गॉन’पर्यंत पोहोचतो.

इंग्रजीही या बाबतीत सदैव आजच्यासारखी नव्हती. अतिप्राचीन इंग्रजीत साधा भूतकाळ आणि ‘आधी’ या अर्थाचा शब्द एवढ्यावर पूर्वभूताचे काम भागत असे. अठराव्या शतकातही गतिवाचक अकर्मक क्रियापदांस ‘हॅड’ऐवजी ‘वॉज’ जोडण्याची रीत प्रचारात होती. ‘वॉज अराइव्ह्ड’, ‘वॉज गॉन’ अशी रूपे त्या काळच्या पत्रव्यवहारात सहज भेटतात. ‘वॉज गॉन’ आणि ‘गेला होता’ यांची घडण शब्दशः सारखी आहे. स्वामित्ववाचक क्रियापदास साहाय्यक करण्याची युक्ती मराठीने कधी पत्करली नाही, कारण तसे क्रियापदच तिच्यापाशी नाही. मराठी माणसाजवळ वस्तू ‘असते’.

इतका वेळ जे पाहिले ते व्याकरणाच्या वर्गापुरते वाटेल. परंतु मराठी कागदपत्रांच्या आधारे इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास ही गोष्ट अधिक महाग पडते. उदाहरणासाठी रचलेली ही दोन वाक्ये पाहावीत : ‘पेशव्यांच्या फौजा जमल्या होत्या. निजाम बिदरहून निघाला.’ यांतील पहिले वाक्य ‘हॅड असेम्बल्ड’ असे उतरविले तर इंग्रज वाचक त्याचा अर्थ एकच घेईल : निजाम निघण्याच्या आधीच पेशव्यांची फौज सिद्ध होती. यातून लढाईचा पुढाकार कोणाचा या प्रश्नाचे उत्तर न मागता दिले जाते. मराठी वाक्य तो अर्थ देऊ शकते, पण ‘त्या वेळी फौजा जमल्या होत्या, तो प्रसंग आता इतिहासजमा झाला’ एवढाच अर्थही देऊ शकते. भाषांतरकाराने ‘होत्या’ पाहून ‘हॅड’ लिहिले तर त्याने काळाचे भाषांतर केले नाही. मूळ कागदात नसलेला एक पुरावा त्याने उत्पन्न केला.

यावर उपाय क्रियापदात नाही, तारखेत आहे. त्या काळच्या पत्रांतून मुक्काम व चांद्रतिथी दिलेली असते. वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त पटवर्धनांच्या दप्तरातील जी पत्रे छापली त्यांचे मोल याच कारणाने फार आहे. खर्ड्यावर पेशव्यांच्या फौजेचे आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धन यांजकडे होते, आणि छावणीतून निघणारी पत्रे प्रसंग ताजा असताना लिहिलेली असत. अशा पत्रांतील ‘कूच झाले आहे’ यामधील ‘आहे’ हे पत्र लिहिण्याच्या दिवसाचे आहे. दोनशे वर्षांनंतरचा अभ्यासक तेच इंग्रजीत निवेदनरूपाने सांगताना ‘पत्रलेखकाने कळविले की फौजेने कूच केले होते’ या अर्थी ‘हॅड मार्च्ड’ म्हणेल, आणि येथे ते अगदी योग्य होय; कारण पाहण्याचा बिंदू, म्हणजे पत्राचा दिवस, भूतकाळात स्पष्ट उभा आहे. मराठी ‘की’नंतर मूळ वक्त्याचा काळ तसाच ठेवते, इंग्रजी तो एक पायरी मागे सरकविते. तेव्हा मराठी ‘आहे’चे इंग्रजीत ‘हॅड’ व्हावे आणि मराठी ‘होता’चे पुष्कळदा होऊ नये, असा हा उलटा प्रकार आहे.

उलट दिशेची अडचणही जुनीच आहे. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, आणि थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन व बाबा साने यांनी त्याचे ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठी रूपांतर केले. इंग्रजी इतिहासास बखर हे नाव देण्यातच कथनाच्या दोन रीतींची गाठ पडलेली दिसते. इंग्रजीतील प्रत्येक ‘हॅड’पाशी अशा रूपांतरकारास थांबून ठरवावे लागते : येथे ‘-ऊन’ शोभेल, की ‘-ल्यावर’, की ‘पूर्वी’ हा शब्द घालून साधा भूतकाळच बरा? सर्वत्र ‘होता’ लिहिणे हा सर्वांत सोपा मार्ग आणि सर्वांत वाईट. आजच्या पुष्कळ भाषांतरित मराठी इतिहासग्रंथांत ‘केला होता, गेला होता, दिला होता’ अशी जी रांग लागलेली आढळते ती या सोप्या मार्गाची खूण होय. मूळ इंग्रजीत तेथे कथनकार क्षणभर मागे वळलेला असतो. मराठीत तो पाठ फिरवून चालू लागतो.

आणि तरीही ‘होता’ची जी स्वतःची शक्ती आहे ती इंग्रजीपाशी नाही, हे खर्ड्याच्याच उत्तरकथेवरून दिसते. त्या तहाने निजामाने दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख देण्याचे व तीन कोटी रुपये भरण्याचे मान्य केले, आणि आपला दिवाण मुशीर-उल्-मुल्क यास मराठ्यांच्या हवाली केले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात सवाई माधवराव वारले. पुण्यात गादीचा तंटा सुरू झाला, दिवाण सुटला, आणि १७९६ सालच्या महाडच्या करारात खर्ड्यास मिळालेला मुलूख निजामास परत देण्याचे नाना फडणविसांनी कबूल केले. दौलताबाद पुन्हा निजामाकडे गेला. ही सारी हकीकत ठाऊक असलेला मराठी माणूस ‘खर्ड्यानंतर दौलताबाद मराठ्यांस मिळाला होता’ एवढेच म्हणतो, आणि मिळाला पण राहिला नाही हे त्या एका ‘होता’त येऊन जाते. इंग्रजीत ‘हॅड बीन सीडेड’ लिहिले तर वाचक कशाच्या आधी, असे विचारील. ‘वॉज सीडेड’ लिहिले तर तो किल्ला पुढे मराठ्यांकडेच राहिला असे समजण्याचा त्यास अधिकार राहील. भाषांतरकारास तेथे साधा भूतकाळ घेऊन, तो परत गेला हे सांगणारे दुसरे वाक्य स्वतःच्या पदरचे जोडावे लागते.